पेरॉक्साइड घातलं तर पेशी मरायच्या ऐवजी वाढल्या, हे कसं?

चौकस:

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. उंदराच्या महाधमनीच्या मधल्या थरातल्या स्नायुपेशी प्लेटमध्ये वाढवतो. शाळेपासून एकच ऐकत आलोय: ऑक्सिजनपासून तयार होणारे आक्रमक रेणू, म्हणजे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल मूलक वगैरे, पेशीचं वाटोळं करतात आणि पेरॉक्साइड मोडून टाकणाऱ्या कॅटलेजसारखी एन्झाइम्स तिला वाचवतात. मीही हेच धरून चाललो होतो.

पेशींना एक दिवस जवळजवळ सीरमशिवाय उपाशी ठेवलं, म्हणजे सगळ्यांची वाढ थांबते. मग प्लेटच्या वेगवेगळ्या वेल्समध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, पेरॉक्साइड घातलं. 1 मिलिमोलरला दुसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन तरंगत होत्या, ते अपेक्षितच होतं. पण 200 मायक्रोमोलरच्या वेलमध्ये नवीन डीएनए बनायला लागला होता! काहीच न घातलेल्या वेलपेक्षा स्पष्टपणे जास्त. वाटलं चूक झाली, पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग उलटी बाजू तपासली. वाढीचा संकेत म्हणून पीडीजीएफ दिलं, आणि पेशींचं रक्षण व्हावं म्हणून पेशीत शिरू शकणारं, पेग या पॉलिमरचं आवरण असलेलं कॅटलेज आधीच देऊन ठेवलं. वाढ आणखी जोरात होईल असं वाटलं होतं. ती बसलीच. रक्षक आणून ठेवला आणि पेशींनी वाढणंच सोडलं.

आणि कहर म्हणजे गेल्या आठवड्यात मीडियाची, म्हणजे पेशींच्या पोषणद्रवाची, नवी बाटली उघडली, तेव्हापासून 200 मायक्रोमोलरचा परिणाम गायब आहे. ना वाढ, ना मरण. पेरॉक्साइड तेच, पेशी त्याच.

तेव्हा प्रश्न तीन. हे विष आहे की नाही? जो रेणू दिसेल त्याच्याशी भिडतो, तो नेमका निरोप कसा पोचवतो? आणि नव्या बाटलीत काय बिघडलं?


पेशीपाल:

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर बहुधा तुमच्या फ्रीजमध्येच आहे. नवी बाटली बाहेर काढा आणि लेबलावर सोडियम पायरुवेट लिहिलंय का बघा. डीएमईएम हा नेहमीचा मीडिया पायरुवेटसह मिळतो आणि पायरुवेटशिवायही मिळतो. रंग तोच, नावही जवळजवळ तेच. पायरुवेटवाल्यात ते लिटरमागे 110 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 1 मिलिमोलर. तुमचं पेरॉक्साइड 200 मायक्रोमोलर. पायरुवेट पाचपट झालं. या दोघांची गाठ पडली की एन्झाइमसुद्धा लागत नाही. ॲसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन विषय संपतो, तोही मिनिटांच्या हिशेबात. म्हणजे तुम्ही दिलेला डोस पेशींपर्यंत फार थोडा वेळ आणि फार थोडा पोचतोय.

आता मुख्य गोष्ट. मी वीस वर्षं याच पेशींबरोबर काढली आहेत, त्यामुळे थोडं मोठं लिहिलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे आणि नवीनही नाही. 1992 सालीच रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींवर हे दाखवलं गेलं की पेरॉक्साइडमुळे त्या डीएनए बनवायला लागतात आणि वाढीची सुरुवातीची जनुकं चालू होतात. तरी तेव्हा म्हणता येत होतं की बाहेरून ओतलेल्या रसायनाने काहीही होऊ शकतं. खरा धक्का 1995 साली बसला. उंदराच्या याच स्नायुपेशींना पीडीजीएफ दिलं तर त्या स्वतःच, आतल्या आत, थोड्या वेळापुरतं पेरॉक्साइड तयार करतात; आणि पेशीतलं कॅटलेज वाढवून ते काढून घेतलं तर प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढणं, एमएपी कायनेज हे निरोप पुढे नेणारं एन्झाइम जागं होणं, डीएनए बनणं, पीडीजीएफच्या दिशेने पेशी सरकणं, सगळं थंडावतं. तुमचा कॅटलेजवाला प्रयोग म्हणजे हेच. तुम्ही रक्षक आणला नव्हता, निरोप्याला वाटेत अडवलं होतं.

पेशी पेरॉक्साइड बनवते कशी? पांढऱ्या पेशी जंतू मारायला जे यंत्र वापरतात, ते एनएडीपीएच ऑक्सिडेज, त्याची भावंडं रक्तवाहिनीच्या पेशींतही असतात. नॉक्स 1, नॉक्स 2, नॉक्स 4, आणि माणसात नॉक्स 5 सुद्धा. पांढरी पेशी एकदम भडका उडवते, आणि तिचं हे यंत्र जन्मतः बिघडलेलं असेल तर त्या मुलाला जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतात. रक्तवाहिनीतली भावंडं त्या मानाने अगदी मंद आणि थोडंथोडं काम करतात. नॉक्स पेशीपटलाच्या आतल्या बाजूच्या एनएडीपीएच या इलेक्ट्रॉनवाहक रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन पलीकडे ऑक्सिजनला देतं. ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड. त्याच्यावर विद्युतभार असतो म्हणून ते पटलातून सहजी आरपार जात नाही. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज त्याचं पेरॉक्साइड करतं; त्याच्यावर भार नाही, ते पाण्याच्या वाटांमधून आत शिरतं. निरोप म्हणून कामाचं आहे ते हे पेरॉक्साइड.

आणि निरोप पोचतो कुठे? गंधकाच्या एका अणूवर. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

पीडीजीएफचा ग्राही, म्हणजे पेशीवरचं त्याचा निरोप घेणारं प्रथिन, जागा झाला की तो टायरोसिनवर फॉस्फेट लावतो. पण पेशीत टायरोसिन फॉस्फटेज असतात, त्या ते फॉस्फेट लगेच काढतात. एक लिहितोय, दुसरा पुसतोय. पुसणाऱ्याचा हात थोडा वेळ धरून ठेवला तरच लिहिलेलं कुणी वाचणार. तो हात पेरॉक्साइड धरतं. पीटीपी 1बी ही अशी एक फॉस्फटेज. तिच्या कामाच्या जागी 215 व्या क्रमांकावर सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल आहे. आजूबाजूच्या रचनेमुळे त्या सिस्टीनचा गंधक आपला हायड्रोजन सोडून ऋणभारित अवस्थेत बसलेला असतो. फॉस्फेट काढण्यासाठी हीच अवस्था लागते, आणि पेरॉक्साइडला बळी पडतो तोही याच अवस्थेमुळे. एक ऑक्सिजन बसला की फॉस्फटेज बंद.

पण कायमची नाही. 2003 साली या फॉस्फटेजची स्फटिकरचना पाहिली तेव्हा दिसलं की ऑक्सिजन बसल्यावर तो गंधक शेजारच्या नायट्रोजनशी जोडला जाऊन एक छोटं कडं तयार करतो. त्या कड्यात तो पुढच्या ऑक्सिडीकरणापासून सुरक्षित राहतो. ग्लुटाथायोनसारखे रेणू ते कडं उघडतात आणि फॉस्फटेज पुन्हा कामाला लागते. आता समजा पेरॉक्साइड फार आहे. गंधकावर दुसरा ऑक्सिजन बसला, मग तिसरा. त्यातून ही फॉस्फटेज परत येत नाही. तुमच्या 200 आणि 1000 मायक्रोमोलरच्या वेल्समधलं अंतर या एका अणूच्या पातळीवर असं दिसतं: एक ऑक्सिजन असेल तर निरोप, दोन-तीन झाले की नासधूस. हजारमध्ये अर्थात डीएनए, पटलं, मायटोकॉन्ड्रिया यांचंही नुकसान होतं, पेशी त्या एकट्या फॉस्फटेजमुळे मरत नाही.

म्हणून विष आहे की नाही या प्रश्नाला मी हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. किती, कुठे, किती वेळ, हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थच येत नाही.


मोजमाप:

पेशीपाल ताई, सुरेख लिहिलंत. पण रसायनशास्त्राच्या बाजूने मला एक हरकत नोंदवायचीच आहे, कारण हे चित्र पाठ्यपुस्तकांत फार सोपं करून दाखवतात.

पीटीपी 1बी आणि पेरॉक्साइड यांच्यातली अभिक्रिया परीक्षानळीत मोजली तर फार मंद आहे. वेगाचा स्थिरांक दहा-वीसच्या घरात. त्याच पेशीद्रवात पेरॉक्साइड संपवणारी पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची प्रथिनं भरपूर असतात आणि त्यांचा स्थिरांक कोटीच्या घरात जातो. म्हणजे जवळजवळ दहा लाख पटींचा फरक. पेरॉक्साइडचा रेणू आत आला की त्याला पेरॉक्सिरेडॉक्सिन गाठणार, फॉस्फटेजपर्यंत तो पोचणारच नाही. मग हात धरतं कोण?

शिवाय चौकस, तुमचे 200 मायक्रोमोलर बाहेरचे आहेत. निरोगी पेशीच्या आत पेरॉक्साइड नॅनोमोलरमध्ये मोजतात, साधारण 1 ते 100 नॅनोमोलर. बाहेर आणि आत यांत शेकडो पटींची उतरण असते, कारण आतली एन्झाइम्स ते सतत संपवत असतात. याच कारणाने प्लेटमध्ये पेशी किती आहेत यावरही डोस ठरतो. गच्च भरलेली प्लेट तेच 200 भराभर पिऊन टाकेल, विरळ प्लेटमधल्या पेशी त्यातच मरतील.


पेशीपाल:

मोजमाप, हरकत अगदी रास्त आहे. या प्रश्नाने आमच्या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना वर्षानुवर्षं झुलवलंय. संपूर्ण उत्तर मिळालंय असं मी म्हणणार नाही, पण तीन धागे मला पटतात.

पहिला: पहारेकऱ्यालाच काही क्षण बाजूला केलं जातं. 2010 साली दाखवलं गेलं की वाढीचा ग्राही जागा झाल्यावर पटलाजवळच्या पेरॉक्सिरेडॉक्सिन 1 च्या 194 व्या टायरोसिनवर फॉस्फेट लागतं आणि ते प्रथिन निष्क्रिय होतं. तेही तेवढ्याच जागी. बाकी पेशीत पहारा चालूच राहतो. म्हणजे ग्राहीभोवती पेरॉक्साइडचा एक छोटासा टापू तयार होतो, जिथे मंद अभिक्रियेलाही वेळ मिळतो.

दुसरा: शेजार. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींत नॉक्स 4 हे आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यावर, सापडतं आणि पीटीपी 1बी सुद्धा तिथेच टेकलेली असते. 2008 सालच्या कामात जालिकेवर मुद्दाम बसवलेल्या ऑक्सिडीकरणरोधक एन्झाइम्सनी पीटीपी 1बीचं ऑक्सिडीकरण बदललं. बनवणारा आणि ऐकणारा भिंतीला भिंत लावून राहत असतील तर पेशीभर पेरॉक्साइड पसरायची गरज उरत नाही.

तिसरा: पहारेकरीच निरोप्या असू शकतो. पेरॉक्सिरेडॉक्सिन आधी स्वतः ऑक्सिडाइज होतं आणि मग ते ऑक्सिडीकरण दुसऱ्या प्रथिनाच्या गंधकाकडे सोपवतं. हे काही प्रथिनांच्या बाबतीत दिसलंय.

या जागेच्या मुद्द्यावर मी एवढा जोर देते त्यामागे एक अनुभव आहे. आम्ही पूर्वी पेशीतलं ऑक्सिडीकरण डीसीएफ नावाच्या रंगद्रव्याने बघायचो. ते ऑक्सिडाइज झालं की हिरवं चमकतं. मी अँजिओटेन्सिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक, दिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, अंधाऱ्या खोलीत बसले, आणि दर मिनिटाला एक चित्र घेत गेले. हिरवा रंग इतका छान चढत गेला की मी लगेच आलेख काढून भिंतीवर लावला. चार दिवसांनी कंट्रोलसाठी तीच मालिका अँजिओटेन्सिन न देता घेतली. रंग तसाच चढला. मग पेशीच नसलेल्या, नुसतं रंगद्रव्य आणि मीडिया असलेल्या वेलवर दिवा रोखला. तिथेही पाचव्या चित्रापर्यंत कोपरे हिरवे व्हायला लागले होते. सूक्ष्मदर्शकाचा प्रकाशच रंगद्रव्याला ऑक्सिडाइज करत होता. तो आलेख मी काढला आणि तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. डीसीएफ पेरॉक्साइडशी थेट बोलतही नाही, मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज लागतं, आणि पेशीत नेमकं कुठे काय झालं हे ते सांगत नाही. आता जिवाणूच्या ऑक्सआर प्रथिनापासून बनवलेला हायपर हा संवेदक आहे. तो पेशीच्या हव्या त्या कप्प्यात पाठवता येतो आणि प्रामुख्याने पेरॉक्साइडच ओळखतो. चौकस, पुढे मोजायची वेळ आली तर तिथून सुरुवात करा. अपोसायनिन किंवा डीपीआय ही रोधक रसायनं देऊन "नॉक्स बंद केलं" असंही लिहू नका. डीपीआय फ्लेविन असलेल्या कितीतरी एन्झाइम्सना बंद करतं, आणि रक्तवाहिनीच्या पेशींत अपोसायनिन नॉक्सला न रोखता नुसतं ऑक्सिडीकरणरोधक म्हणून वागतं, हे 2008 सालीच दाखवून झालंय.

आणखी एक. तुम्ही "वाढ" हा शब्द सरसकट वापरताय, तो जरा फोडा. पीडीजीएफ दिलं की या पेशींची संख्या वाढते. अँजिओटेन्सिन 2 दिलं की बहुतेक वेळा संख्या तेवढीच राहते, पण एकेक पेशी फुगते, प्रथिनं जास्त बनवते. दोन्हीकडे पेरॉक्साइड लागतं. अँजिओटेन्सिनमुळे या पेशींतलं ऑक्सिडेज जागं होतं हे 1994 सालचं काम. 1996 साली त्या ऑक्सिडेजचा पी22फॉक्स हा भाग कमी केला तर पेशीचं फुगणंही कमी झालं. पण अँजिओटेन्सिनचे सगळे निरोप पेरॉक्साइडमधून जात नाहीत. पी38 आणि एकेटी हे कायनेज त्यावर अवलंबून असतात, त्याच पेशींतलं ईआरके नसतं. म्हणून नुसता डीएनए मोजून थांबू नका, ल्युसिन या अमिनो आम्लाचा प्रथिनांतला समावेशही मोजा. उच्च रक्तदाबात धमनीची भिंत जाड होते त्यात या फुगण्याचा मोठा वाटा असतो.


आईची लेक:

मी या क्षेत्रातली नाही, पण शेवटचं वाक्य वाचून थांबले. माझ्या आईला उच्च रक्तदाब आहे. ती डॉक्टरांच्या गोळीबरोबर स्वतःच्या मनाने ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेते, कारण त्या ऑक्सिडीकरण थांबवतात असं तिने वाचलंय. वरची चर्चा वाचून वाटलं की ऑक्सिडीकरण जर भिंत जाड करत असेल तर तिचं बरोबरच आहे. की नाही?


पेशीपाल:

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माणसांवर तपासलं गेलंय, त्यामुळे ते प्लेटमधल्या पेशींवरून ओढूनताणून काढावं लागत नाही.

होप नावाची मोठी चाचणी 2000 साली प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले 9,541 लोक, साडेचार वर्षांच्या आसपास. एकाच चाचणीत दोन गोष्टी तपासल्या: रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व, आणि रॅमिप्रिल, जे अँजिओटेन्सिन 2 तयार होणं कमी करतं. रॅमिप्रिल घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्या कारणाने मृत्यू यांचं प्रमाण 14 टक्के, न घेणाऱ्यांत 17.8 टक्के. ई जीवनसत्त्वाने फरक पडला नाही. पुढे त्याच लोकांचा माग आणखी काही वर्षं ठेवला, तेव्हा ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय अशक्त होण्याचं प्रमाण उलट थोडं जास्त निघालं. 2002 साली आणखी एका चाचणीत 20,536 लोकांपैकी निम्म्यांना ई, सी आणि बीटा कॅरोटिन एकत्र पाच वर्षं दिलं. तिथेही हाती काही लागलं नाही.

मला ही होपची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तीच माणसं, तीच वर्षं. एक औषध निरोप जिथून सुटतो तिथे जातं, दुसरं निरोप सुटल्यावर सगळीकडे पुसायला धावतं. रॅमिप्रिलचा फायदा निव्वळ ऑक्सिडेज शांत झाल्यामुळे आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही, रक्तदाब उतरतो त्याचाही वाटा आहे. पण ई जीवनसत्त्व का अपयशी ठरलं याची काही कारणं रसायनशास्त्रात दिसतात. ते चरबीतली साखळी अभिक्रिया तोडतं, पेरॉक्साइडशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

आणि सुपरऑक्साइडचं तर वेगळंच प्रकरण आहे. धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, ते स्नायूला सैल करतं आणि स्नायुपेशींच्या वाढीलाही लगाम घालतं. अस्तराचं हे काम 1980 साली सापडलं, तेही असं की धमनीचा तुकडा तयार करताना अस्तर घासलं गेलं की ॲसिटिलकोलिन देऊनही तो सैल व्हायचा नाही, आणि अस्तर जपलं की व्हायचा. तो सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, त्यासाठी 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. तर सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड भेटले की जवळजवळ भेटताक्षणी पेरॉक्सिनायट्राइट होतं. सी जीवनसत्त्व सुपरऑक्साइडला पकडतं, पण हजारो पटींनी सावकाश. शर्यत सुरू व्हायच्या आधीच संपलेली असते. म्हणजे सुपरऑक्साइड जास्त झालं की दोन्हीकडून वाढ होते: त्याचं पेरॉक्साइड होऊन वाढीचा निरोप जातो, आणि नायट्रिक ऑक्साइड खर्ची पडून लगाम सुटतो.

आईंना डॉक्टरांची गोळी मात्र अजिबात चुकवू देऊ नका, आणि ई जीवनसत्त्व घेतायत हे डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते सांगणं फारच गरजेचं, कारण मोठ्या मात्रेतलं ई जीवनसत्त्व रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतं.


मोजमाप:

एक पुस्ती. हे रेणू फक्त रोगातच दिसतात असा समज होऊ नये. जखम भरताना किंवा रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत नव्या केशवाहिन्या फुटाव्या लागतात. व्हीईजीएफ हे वाढीचा संकेत देणारं प्रथिन अस्तराच्या पेशींना हा निरोप देतं तेव्हा त्यांतल्या नॉक्स 2 चं पेरॉक्साइड त्या निरोपाचा भाग असतं; 2002 साली नॉक्स 2 नसलेल्या उंदरांत व्हीईजीएफ देऊनही नव्या वाहिन्या कमी फुटल्या. आणि 2000 साली उंदरांच्या छोट्या धमन्यांत दिसलं की अस्तरातून सुटणारं पेरॉक्साइड स्वतःच धमनी सैल करतं. सगळं पुसून टाकलं तर हेही जाईल.


आईची लेक:

आईशी बोलले. पुढच्या तपासणीला बाटली बरोबर नेणार आहे. होपचं समजलं तसं इतक्या सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.


चौकस:

तीन आठवड्यांनी लिहितोय, पण हातात काहीतरी घेऊन.

दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. नव्या बाटलीवर अगदी बारीक अक्षरात सोडियम पायरुवेट, 110 मिलिग्रॅम प्रति लिटर. जुनीवर त्या जागी शून्य. मागवताना क्रमांकाचा एक आकडा बदलला होता, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग मोजमाप यांचं वाचून पेरॉक्साइडचाच संशय आला. आमची 30 टक्क्यांची बाटली कधी उघडली हे कुणालाच आठवत नव्हतं. हजारपट पातळ करून 240 नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजलं. ताजं असतं तर 0.43 च्या आसपास यायला हवं होतं, आलं 0.31. शोषणाचा स्थिरांक 43.6 धरला तर बाटलीत 9.8 ऐवजी 7.1 मोलर. म्हणजे मी ज्याला 200 म्हणत होतो ते खरं साधारण 145 होतं. आता दर वेळी वापरण्याआधी मोजतो.

पायरुवेट नसलेला मीडिया आणून, पेरॉक्साइड मोजून, तीनदा केलं. डीएनए पुन्हा वाढला, तिन्ही वेळा. पेग-कॅटलेजने पीडीजीएफची वाढही पुन्हा बसली. आता अँजिओटेन्सिनवर ल्युसिनचा प्रयोग लावलाय.

पेशीपाल ताई, गंधकावर एक, दोन, तीन ऑक्सिजन हे मी वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवलंय. पहिल्यांदा मला माझ्याच प्लेटमध्ये काय चाललंय ते दिसल्यासारखं वाटतंय.


पेशीपाल:

फार बरं वाटलं वाचून. आता दोन वेल्स आणखी लावा, नाहीतर परीक्षक तेच विचारेल. जुन्या, पायरुवेट नसलेल्या मीडियात पायरुवेट मुद्दाम 1 मिलिमोलर घाला आणि मग पेरॉक्साइड द्या. परिणाम गेला पाहिजे. तो गेला तर बाटल्यांमधला फरक पायरुवेटचाच, दुसऱ्या कशाचा नाही हे पक्कं होईल. दुसरं, पेग-कॅटलेज उकळून निकामी करा आणि तेवढ्याच मात्रेत द्या. त्याने वाढ थांबायला नको. थांबली तर पेरॉक्साइड जाण्याने नव्हे, प्रथिनातल्या दुसऱ्याच कशाने ती थांबत होती असं म्हणावं लागेल.

आणि दर प्लेटला चौरस सेंटिमीटरमागे किती पेशी पेरल्या ते डोसच्या शेजारच्या रकान्यात लिहा, प्रत्येक वेळी.